सेल्वमची कवटीची अंगठी

मंडळी, तुमचा सल्ला हवाय.

मी कुंभकोणमला चांदीकाम करतो. धाकटा भाऊ रघू आणि त्याच्या बाइकवाल्या मित्रांना कवटीच्या अंगठ्या मीच घडवून दिल्या. डोळ्यांत फासे, कपाळावर इस्पिकचा एक्का. गेल्या महिन्यात त्यांच्यातला सेल्वम गावाजवळच्या दारासुरमच्या वळणावर लॉरीखाली सापडून मेला.

आज दुपारी रघू त्याचीच अंगठी घेऊन आला.

"अण्णा, सेल्वमच्या नावानं कुणी जायचं ते ठरवायला आम्ही पत्ते काढले. एक्का मला आला. उद्या पहाटे ही घालून त्याच वळणावर, त्याच वेगानं गाडी काढायची. सैल होतेय, माझ्या मापाची कर."

"नाही केली तर?"

"दोरा गुंडाळून घालीन. भित्रा कुठला!"

मी गुपचूप ती त्याच्या मापापेक्षाही एक माप लहान केली. वाटलं, पेरावर अडकेल, चढणारच नाही.

त्यानं बोटाला साबण लावून ती रेटली. आता बोट सुजलंय, अंगठी निघत नाही. करवतीनं कापतो म्हटलं, तर मूठ आवळून हसला. "तूच घट्ट केलीस ना, अण्णा? आता राहू दे."

त्याच्या गाडीची किल्ली मी लपवली आहे. पण मित्रांकडे गाड्या आहेतच. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? पहाटेच्या आत सांगा.