दोन नंबरचा डबा
परवा शेजारच्या सुनेने बाळासाठी दुधाच्या पावडरचा डबा उघडला आणि त्या वासाने मला कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधली एक सकाळ आठवली. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. मला दूध पुरत नव्हतं, आधीची पावडर ती ओकून टाकायची, वजन काही केल्या वाढेना. शेवटी धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी शेळीच्या दुधाची पावडर लिहून दिली आणि पोर बाळसं धरू लागली. आता त्यांनी त्याच पावडरचा पुढचा, सहा महिन्यांनंतर द्यायचा दोन नंबरचा डबा सुरू करायला सांगितला होता. तो आणून चार दिवस झाले तरी मी उघडला नव्हता. पुन्हा ओकायला लागली तर? सासूबाई म्हणाल्या, "काहून भिऊन राहिली वं? सगळ्या बाटल्या एकदम नको बदलू. आज सकाळची एकच नव्या डब्यातली दे." मी उकळलेल्या पाण्यात चमचे मोजून टाकले, बाटली कोमट होऊ दिली. मुलीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाटली ढकलली. मला रडूच आलं. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, खिडकीतून कोळशाचे ट्रक दाखवत तिच्याशी बोलत राहिल्या आणि हळूच बाटली पुन्हा ओठांना लावली. या खेपेला ती थांबलीच नाही. नंतर तासभर मी हातात दुपटं घेऊन ओकारीची वाट बघत बसले, आणि ती ढेकर देऊन शांत झोपली. आठवड्याभरात सगळ्या बाटल्या नव्या डब्यातल्या झाल्या. या जूनमध्ये ती पहिलीत गेली. मोठ्या शाळेच्या फाटकाशी माझा हात सोडून, मागे न बघता आत पळाली, आणि एक डबा उघडायला चार दिवस घाबरणारी मी तिथे उभी राहून चक्क हसत होते.