हात भरून येईपर्यंत

बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना डेपोत सगळे ‘सावकाशराव’ म्हणत. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण चुकीचं नव्हतं. वळण आलं की ते गाडी अशी वळवत, की मागे डुलकी घेणाऱ्याची मान हलू नये. घरीही वेग तोच. दाढीला अर्धा तास, वर्तमानपत्राला दीड. “यांना देवाचं बोलावणं आलं तरी आधी टायरमधली हवा बघतील,” असं बायको म्हणायची. तिचं मात्र सगळं घाईचं आणि चटपटीत.

वर्षअखेरीच्या सुट्ट्या आल्या की ती फज, म्हणजे दूध-साखर-लोण्याच्या मऊ वड्या, करायची. बावीस वर्षं त्यात खंड नव्हता. बिल्डिंगमधल्या अकरा घरांना अकरा डबे जात आणि प्रत्येक घराचा स्वाद ठरलेला असे. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना कॉफीचं, समोरच्या नर्सबाईंना अक्रोडाचं, पोराबाळांच्या घरी चॉकलेटचं, उरलेल्यांना संत्र्याची साल घातलेलं नाही तर पुदिन्याचं.

यंदा सुट्ट्यांना आठवडा उरला असताना ती पडदे काढायला स्टुलावर चढली आणि उजवं मनगट मोडून खाली आली. कोपरापर्यंत प्लास्टर. शेजारचे भेटायला आले आणि जो तो एकच बोलला, की यंदा ते फजबिज राहू दे, तुम्ही आधी बऱ्या व्हा. ती सगळ्यांकडे बघून हसली. दार लागल्यावर मात्र ते हसू मावळलं.

“प्रेमानं म्हणाले ते,” सावकाशराव म्हणाले.

“प्रेमानंच बंद पडतात गोष्टी. एक वर्ष राहिलं की पुढच्या वर्षी कुणी आठवणसुद्धा काढत नाही.”

अशा एका मार्गावर त्यांनी स्वतः बस चालवली होती. रस्ता खोदला म्हणून पंधरा दिवस फेरी थांबवली, तेवढ्यात लोकांनी आपापली सोय लावली, आणि रस्ता दुरुस्त झाला तरी ती बस पुन्हा सुटली नाही. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, की मी करतो, तू नुसतं सांग. चहाखेरीज गॅसशी संबंध नसलेल्या नवऱ्याकडे तिनं नखशिखांत पाहिलं. पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडून, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ती बसली. चॉकलेटच्या फजनं सुरुवात: साखर इतकी, दूध तितकं, लोणी कापा, गॅस बारीक करा, इतका बारीक नको.

“उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं,” सावकाशराव पुटपुटले.

“शेळ्या बऱ्या. सांगितलं की ऐकतात तरी.”

पाक उकळला. गार पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी व्हायला हवी, ती झाली. मग पातेलं उतरवून, त्याच्या बुडाला तळवा टेकवता येईल इतकं निवू द्यायचं आणि तोवर ढुंकूनही बघायचं नाही. घाईनं कालथा घातला की साखर रवाळ होते, आणि बहुतेकांचं इथेच फसतं. सावकाशराव पाऊण तास निवांत बसून राहिले. लग्नानंतर प्रथमच त्यांच्या संथपणावर घरात टीका झाली नाही.

“आता घोटा,” ती म्हणाली. किती, असं त्यांनी विचारलं.

“हात भरून येईपर्यंत. आला की लगेच ताटात ओता.”

तेवढ्यात लेकीचा फोन आला म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली. लेकीशी बोलायचं म्हणजे वीस मिनिटं कुठे गेली नाहीत. इकडे सावकाशराव घोटत राहिले. मिश्रणाची चकाकी गेली, ते घट्ट झालं, कडा सोडू लागलं, मग फुटू लागलं. ते घोटतच होते. ती परत आली तेव्हा पातेल्यात तपकिरी खडी होती.

“अहो, हात भरून आला नाही?”

“अजून तरी नाही.”

ती बघतच राहिली. पूर्वीच्या बसचं ते अवजड स्टिअरिंग बत्तीस वर्षं फिरवलेला हात तो; कालथ्यानं कसला दमतोय! आधी ती इतकी हसली की प्लास्टरमधला हात दुखायला लागला. मग तिचा चेहरा उतरला. घोटताना तिनं पातेल्यात कधी पाहिलंच नव्हतं. खिडकीबाहेर बघत घोटायचं, आणि हातानं सांगितलं की थांबायचं. दुसरं माप तिच्याजवळ नव्हतं, आणि होतं ते प्लास्टरमध्ये.

“मग राहू दे,” ती म्हणाली. शेजाऱ्यांचाच शब्द तिच्या तोंडून आलेला सावकाशरावांना अजिबात आवडला नाही. त्यांनी त्या खडीवर दूध ओतलं आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.

पाक झाला, निवला. या खेपेला ती खुर्ची सोडून शेजारी उभी राहिली आणि आपला डावा हात तिनं त्यांच्या मुठीवर ठेवला. दोघं मिळून घोटू लागली. तिनं डोळे मिटले होते. बराच वेळ नुसता कालथ्याचा आवाज.

“आता,” ती म्हणाली.

“मलाही कळलं. आवाज बसला, आणि कालथा मागे ओढायला लागला. भरल्या गाडीनं चढ लागला की होतं ना, तसं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगतेस का ते बघत होतो.”

ताटात ओतलेलं फज संध्याकाळपर्यंत सुरेख बसलं. कॉफीच्या वेळी तिनं हात मध्येच काढून घेतला, आणि संत्र्याच्या वेळी तर मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही वेळा ‘आता’ त्यांनीच म्हटलं. पुदिन्याचा अर्क मात्र त्यांच्या हातून भसकन पडला. घरभर दात घासल्यासारखा वास सुटला. ते ताट घरीच ठेवून त्यांना पुदिना पुन्हा करावा लागला. चार दिवसांत अकरा डबे भरले.

डबे द्यायला ते एकटेच निघाले होते. पण तिनं चपला घातल्या आणि बरोबर आली. नर्सबाईंनी डबा घेताना आधी प्लास्टरकडे पाहिलं, मग सावकाशरावांकडे, आणि त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. तळमजल्यावर पोस्टमास्तरांनी दारातच झाकण उघडून एक वडी तोंडात टाकली. ते डोळे मिटून चघळत राहिले. ती श्वास रोखून उभी होती.

“झकास,” ते म्हणाले. “पण पुढच्या वर्षी माझं संत्र्याचं करा. कॉफीनं हल्ली झोप उडते. केव्हापासून सांगीन म्हणतोय.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं?” ती म्हणाली.

जिना चढताना तिची तक्रार थांबेना. बावीस वर्षांनी तोंड उघडलं या माणसानं. आता एकेकाची फर्माईश सुरू होईल, पुरे पडणार आहे का कुणी, आणि एवढी साल कोण किसत बसणार. सावकाशराव हो, हो म्हणत मागून चढत होते. पुढच्या वर्षी आणखी किती संत्री आणावी लागतील, हे तिनं घर येईपर्यंत त्यांना दोनदा विचारलं.