केशोरावांच्या दुर्बिणीवरची पट्टी

केशोराव कापगते स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. चहा पितानाही त्यांचा एक पाय हलत असतो. जेवता जेवता उठतील, बांधावर चक्कर मारून येतील आणि मग उरलेला भात खातील. हात मात्र तसा नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सडक अर्जुनीला ढाब्यांच्या पाट्या आणि ट्रकांच्या पाठी रंगवण्यात काढली, आणि चालू इंजिनाच्या ट्रकवरसुद्धा त्यांची रेघ सरळ यायची. पुढे फ्लेक्स आले, ब्रश सुटला आणि ते इटियाडोहच्या कालव्याखालच्या शेतात मका करू लागले. त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून माझं शेत, म्हणून हे सगळं मला फुकटात पाहायला मिळतं.

मका म्हटला की वानरं आलीच. वानराला मारणं कायद्याला चालत नाही आणि केशोरावांनाही पटत नाही. त्यांनी शेताच्या कडेने झाडांना तेलाचे रिकामे पिपे टांगले, प्रत्येकामागे मातीचा उंच बांध घातला आणि मचाणावरून एअरगनने ते पिप्यांवर छर्रे मारू लागले. ठण्ण आवाज झाला की कळप जंगलात. छर्रे दोन तऱ्हेचे होते. जवळच्या पिप्यांना हलके आणि दूरच्या मोहाच्या झाडाला जड, कारण तिथवर जाताना हलका छर्रा वाऱ्याने भरकटतो. जड छर्रा लवकर खाली येतो, त्यामुळे त्याच्यासाठी बंदुकीच्या दुर्बिणीवरची घुंडी जास्त फिरवावी लागते. हे सगळं ध्यानात कोण ठेवणार? केशोरावांनी मेडिकलमधून पांढरी चिकटपट्टी आणून घुंडीभोवती गुंडाळली. तिच्यावर जड छर्ऱ्यांच्या लाल रेघा, हलक्यांच्या निळ्या आणि शेजारी झाडाचं पहिलं अक्षर. अक्षर तांदळाच्या कणीएवढं, पण वळणदार. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ही पट्टी दाखवत, आणि मी ती इतक्यांदा पाहिली होती की मला वैताग आला होता.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला नेम चुकू लागला. एक छर्रा पिप्यावर, पुढचा मातीत. केशोरावांनी दुर्बीण उतरवली, पुन्हा बसवली, स्क्रू आवळले, पट्टी फाडली, नवी लावली. पहाटेपासून मचाणावर आणि दुपारी भर उन्हात पुन्हा तिथेच. जेवण नाही, झोप नाही, बोलावं तर अंगावर येणार. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतःच धुऱ्यावर आले.

"बापाचाच हात आला का गा मले?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या बापाचा हात म्हातारपणी इतका कापायचा की घास दुसऱ्याने भरवावा लागे. तसं झालं तर मुलगा राहुल आपल्याला त्याच्या फुलचूरच्या घरी नेऊन खुर्चीवर बसवील, शेत बटईने दुसऱ्याच्या हाती जाईल, आणि मग आपण करायचं काय, हे त्यांनी मला एका दमात सांगितलं. मला त्यांची फार दया आली. ते त्यांना आवडलं नसतं, म्हणून मी छर्ऱ्यांचा डबा दाखवा म्हणालो.

डब्यात हात घातला आणि मी हसलोच. काही छर्रे आखूड, काही लांब. हलके आणि जड एकाच डब्यात. देवकाबाईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं, तर दोन डबे कशाला जागा अडवतात म्हणून आपणच एकात ओतले, असं तिने शांतपणे सांगितलं. केशोराव तिच्यावर जे तुटून पडले! हे काय दाळतांदूळ आहेत का, अक्कल गहाण ठेवली का, सगळं बोलून झालं. बाई भांडी घासत राहिली. त्या रात्री ते पोटभर जेवले म्हणे. मोठा शोध लावल्यासारखा मीही ऐटीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुपात छर्रे निवडले. त्यांनी नवी पट्टी लिहिली. अक्षरं जराशी वाकडी आली होती. चिकटपट्टीच हलकी निघाली, असं मी म्हणालो.

त्याच्या पुढच्या सकाळी कळप आला. वारा अजिबात नव्हता. केशोरावांनी जड छर्रा भरला, घुंडी लाल रेघेवर आणली आणि मोहाच्या पिप्यावर नेम धरला. मागच्या बांधाची माती उडाली. दुसरा छर्राही मातीत. तिसरा कुठे गेला, कळलंच नाही. एक वानर कणीस सोलत आमच्याकडे पाहत बसलं होतं. केशोरावांनी बंदूक मांडीवर ठेवली, आणि तिच्यावरचा त्यांचा हात थरथरताना मला स्पष्ट दिसला. देवकाबाई चहा घेऊन मचाणावर चढून आली होती. तिनेही तो पाहिला.

"छर्रे त निवडले," केशोराव तिला म्हणाले. "आता काय?"

"नेम संक्रांतीपासून चुकून रायला," ती म्हणाली. "छर्रे त मी शिवरातीले मिसळले."

"काऊन?"

"तुमी हातावर चिडून रायले होते. म्हटलं, माह्यावर चिडा."

केशोरावांचा हलता पाय थांबला होता. मी उगाच मोहाकडे पाहत राहिलो. वानरं निवांत मका खात होती.

देवकाबाईने त्यांच्या मांडीवरची बंदूक उचलली. "घुंडी तुमी फिरवा. घोडा मी दाबीन."

त्यांनी हात पुढे केला. बोटं कापत होती, पण घुंडी टिकटिक करत लाल रेघेवर येऊन थांबली. बाईचा पहिला छर्रा आभाळात गेला. दस्ता खांद्याला घट्ट लाव, डोळा मिटू नको, श्वास धर, म्हणून केशोराव तिच्यावर डाफरायला लागले, आणि ती मुकाट्याने दुसरा छर्रा भरत होती.