हमीदचाचांचा हात

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते फेसबुकवर नाहीत, तेवढंच बरं.

सौदीत जुबैलच्या आमच्या कॅम्पात हमीदचाचा माझे रूममेट. रत्नागिरीकडचे वेल्डर. मुलाला इंग्लंडला शिकवलं, तो तिथलाच झाला. मागच्या महिन्यात तिथल्या एका नदीकाठच्या गावात त्याचं लग्न झालं. इथे प्लांटचं शटडाऊन, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचं काम चालू, चाचांना सुट्टी मिळाली नाही. मुलगा म्हणाला, "अब्बा, सूट घालून फोटो पाठवा. फोटोग्राफर तुम्हाला आमच्यात उभं करेल."

तो फोटो मीच काढला. कोट टाइमकीपरचा. मुलाच्या खांद्यावर हात हवा म्हणून चाचा हवेत हात धरून उभे राहिले, पार थरथरेपर्यंत.

आज फोटो आला. मागे नदी, दगडी पूल, हंस, आणि नवरदेवाच्या खांद्यावर चाचांचा हात! चाचांनी अख्ख्या मेसला खजूर वाटले. मला म्हणाले, "त्याच्या फेसबुकवर जा नि माझ्याकडून बदाम टाक."

गेलो. तोच फोटो, तेच हंस. सासरे आहेत, सासू आहे, त्यांचा कुत्रासुद्धा आहे. चाचा नाहीत.

म्हणजे साहेबांनी दोन फोटो करून घेतले. एक जगाला दाखवायला, एक बापाच्या तोंडावर फेकायला.

"टाकलास?" चाचांनी विचारलं. त्यांचा चष्मा खोलीवर राहिला होता.

"टाकला."

उद्या चष्मा लावून ते माझा फोन मागतील. तुम्ही असता तर दिला असता?