चाचांचं नाक

गॅरेजात भंगार आणि किस्से, दोन्ही आपोआप साठतात. भंगार निदान किलोवर जातं. जठारपेठेतल्या आमच्या गॅरेजातले किस्से मी चहावर फुकट सांगत आलो आणि लोक हसत आले. हल्ली मला मात्र हसू येत नाही.

आमचे उस्ताद हमीदचाचा. त्यांच्या हाताखाली मी अठरा वर्षं काढली. जुनी गाडी गरम होते, पाणी कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही, अशी तक्रार आली की चाचा बॉनेट सोडून आधी दारातून डोकं आत घालायचे. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटला गोडसर वास असतो. एकदा एका डॉक्टरांच्या गाडीत डोकं घालून लगेच म्हणाले, "हीटरची जाळी फुटली."

"अकोल्यात हीटर कोण लावते चाचा?" डॉक्टर म्हणाले.

"तुमी नाही लावत. पण पाणी तं तिथूनच फिरते ना."

कार्पेट उचललं तर खाली हिरवं तळं साचलेलं.

* * *

अमरावतीच्या एका चकाचक वर्कशॉपनं एका गिऱ्हाइकाला इंजिन उघडायला सांगितलं होतं. चाचांनी वास घेत घेत एका होज पाईपवर बोट ठेवलं आणि क्लिप आवळली. गळती बंद.

गिऱ्हाईक म्हणालं, "त्यायच्या मशीननं तं येगळंच सांगतलं."

"मशीनले सर्दी झाली असन," चाचा म्हणाले.

* * *

एकदा चाचा पंपाला दोष देत असताना मी गिऱ्हाइकासमोरच बोलून गेलो, "चाचा, रेडिएटरच्या कॅपचं रबर गेलं वाटते." रबरच गेलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर चाचा माझ्याकडे वळले.

"कंपाउंडर पेशंटसमोर डॉक्टरले टोकते का रे?"

पुढचा आठवडाभर मी नुसते रेडिएटर धूत होतो. तो धडा मी नको तितका पक्का केला.

* * *

कोरोनात चाचा तापानं पडले. उठले, पण नाक गेलं ते गेलंच. कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकालाच विचारायचे, "तुमाले काही वास येऊन राहिला काय?" लोकांना वाटे, म्हातारा परीक्षा घेतो.

एक दिवस वेल्डिंगच्या ठिणगीनं त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा जळत होता. सगळ्या गॅरेजात वास, आणि चाचा निवांत चहा पीत बसलेले. मी ओरडलो तेव्हा दुपट्टा झटकून म्हणाले, "मालूम व्हतं मले." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

* * *

मग बार्शीटाकळीचे काळे मास्तर आले. गाडी वीस वर्षं जुनी.

"चाचा, उद्या पोरीचा अमरावतीले पेपर हाये. गाडी गरम होऊन राहिली. नेऊ का?"

चाचांनी आत डोकं घातलं. बराच वेळ घातलं. मी पलीकडच्या दाराशी उभा होतो. गोड वास भपकन नाकात आला.

"काही नाही मास्तर. कॅप बदलून देतो. बिनधास्त न्या."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅप आणून दिली. संध्याकाळी त्यांना फोन करावा असं दहादा वाटलं. केला नाही. भेकड होतो, दुसरं काय.

मूर्तिजापूरच्या पुढे इंजिन जाम झालं. पोरीचा पेपर बुडाला. दुसऱ्या दिवशी मास्तर एसटीनं आले. भांडले नाहीत. "वर्ष गेलं तिचं चाचा," एवढंच म्हणाले आणि पाणीही न पिता निघून गेले.

चाचा स्टुलावर बसले.

"गजू, त्या गाडीत तुले वास आला व्हता?"

अठरा वर्षांत त्यांचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "नाही चाचा. मलेबी नाही आला."

चाचांनी हात पुसले आणि कुलूप हातात घेतलं.

"मंग ओढ शटर. दोघाईचंबी नाक गेलं, तं गॅरेज कोनाच्या भरवशावर चालवू?"