आमचे घरमालक आणि एकुलती एक शाल

जगात इतके सत्कार करणारा माणूस दुसरा झाला नसेल, आणि त्याने केलेला सत्कार माझ्याइतका कुणाला लागला नसेल. यातलं पहिलं मी सगळ्यांना सांगत आलो. दुसरं आजवर कुणाजवळच बोललो नाही, बायकोजवळही नाही. धानोऱ्याच्या घरमालकांचा विषय निघाला की आमच्या घरी सगळे हसतात, मीही हसतो आणि तिथेच थांबतो. आज पुढचं सांगतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. जंगलातल्या गावांना जोडणाऱ्या रस्त्याची मोठी योजना आली होती, आणि तिच्यातला थोडा निधी रस्त्यालगतच्या छोट्या संस्थांना लोकांच्या कामासाठी द्यायचा होता. कुठल्या संस्थेचं काम खरं आणि कुठली नुसतीच पाटी, हे बघून साहेबांना सांगणं ही माझी नोकरी. सिंदेवाहीहून बॅग घेऊन धानोऱ्याच्या स्टँडवर उतरलो, तर एक उंच, काटकुळा म्हातारा पुढे आला आणि काही कळायच्या आत माझ्या खांद्यावर शाल पडली. "नव्या साहेबाचं स्वागत! खोली पाह्यजे का जी?" खोली बघितली, ठरवली. तसे ते हात पुढे करून म्हणाले, "आता शाल द्या वापस. संस्थेची आहे."

संस्था म्हणजे ते अध्यक्ष, त्यांच्या घरच्या काकू खजिनदार आणि शाल ही सगळी मालमत्ता. पोस्टमन भर पावसात आला, सत्कार. लाइनमन खांबावरून उतरायचा होता, तोवर हे खाली शाल उलगडून उभे. शेजारची म्हैस व्याली तेव्हाही निघालेच होते, पण काकू कडाडल्या, "थे शाल म्हशीच्या आंगावर टाकान, तं घरात पाय नोका ठेवू!" एस.टी.तून निवृत्त झाले तरी कंडक्टरकी अंगातून उतरली नव्हती. लग्नाच्या पंगतीत "सरका, सरका, पुढं जागा आहे" म्हणत फिरायचे, आणि पाहुणा फार वेळ रेंगाळला की दाराच्या चौकटीवर दोन टिचक्या मारायचे. त्यांच्या मते गाडी सुटली. पाहुणाही बिचारा चपला शोधू लागायचा.

पण आठवड्यातल्या एका दिवशी त्यांच्या ओसरीतून कुणालाच उठवलं जात नसे. बाजाराच्या आदल्या दिवशी लांबच्या गावांतल्या बाया मोहफुलं, चारोळी, चिंच डोक्यावर घेऊन पायी यायच्या आणि यांच्या ओसरीत मुक्काम करायच्या. ओसरी गळायची. आडोशाला जायचं तर रस्ता ओलांडून अंधारात. बाजाराजवळ या बायांसाठी एक पक्की खोली आणि संडास, एवढीच घरमालकांच्या संस्थेची मागणी होती. मी एकदा सहज विचारलं, हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून? नेहमी मोठ्याने बोलणारे ते हळू आवाजात म्हणाले, "टोपलं घेऊन बाई गाडीत चढली का सवाऱ्या कुरकुर करत. मी कितीक बायायले खाली ठेवून घंटी मारली, साहेब. आता मी उतरलो. आता त्यायले जागा पाह्यजे का नाई?"

साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांच्यासोबत इंजिनिअर होते आणि हिशेबनीसही होते. शाल एकच. साहेबांच्या खांद्यावरची काढून इंजिनिअरच्या, तिथून हिशेबनिसाच्या, आणि साहेब मोठे म्हणून शेवटी पुन्हा त्यांच्याच खांद्यावर. साहेब तशीच पांघरून जीपमध्ये बसले आणि जीप निघाली. घरमालक सायकलवर मागे! "साहेब, शाल! संस्थेची आहे!" साहेब हसून हसून बेजार झाले. संध्याकाळी विश्रामगृहात मात्र ते गंभीरपणे म्हणाले, "म्हातारा खरा आहे. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी त्यांच्याच घरात राहत होतो, काकूंच्या हातची भाजी खात होतो. गाव म्हणेल, घरमालकाचं भलं केलं. त्या भीतीने मी म्हणालो, "माणूस चांगला आहे, पण संस्था अजून कच्ची वाटते." हे खोटं होतं आणि ते मला बोलतानाच ठाऊक होतं. निधी दुसऱ्या गावच्या व्यायामशाळेला गेला. माझं नाव स्वच्छ राहिलं.

घरी येऊन मी सांगितलं, वरूनच नामंजूर झालं. ते आत गेले, शाल घेऊन आले आणि माझ्या खांद्यावर टाकली. काकूंना म्हणाले, "अवो, ओवाळ यायले. आपल्या बायायसाठी वरच्यायसंग भांडून आले असतीन." काकूंनी ओवाळलं. मी खाली मान घालून शाल काढायला लागलो, तर माझा हात धरून म्हणाले, "काऊन घाई करून राह्यले? राहू द्या आज." तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

पुढे माझी बदली चिमूरला झाली. मी सोडलेली खोली त्यांनी पुन्हा भाड्याने दिली नाही. ती बायांना दिली, आणि काकूंच्या गोठ्याच्या जागी संडास बांधला. काकू वर्षभर भांडल्या म्हणे. मग बायांसाठी पाणी त्याच भरून ठेवू लागल्या. रस्ताही झाला, गुळगुळीत. कामासाठी मी त्यावरून जातो. माझ्या जुन्या खिडकीखाली टोपल्या मांडलेल्या दिसतात, आणि ड्रायव्हरने विचारलं, "थांबू का साहेब?" तर मी म्हणतो, उशीर होतोय.

आता त्यांना कमी ऐकू येतं. धानोऱ्याकडचं कुणी भेटलं की त्यांचा निरोप असतोच, "आमच्या साहेबाले सांगा, एक डाव येऊन जा." निरोप आणणारा हसतो, मीही हसतो. वरून नव्हे, मीच नको म्हटलं होतं, हे त्यांच्यासमोर बसून, त्यांना ऐकू जाईल आणि काकूंनाही ऐकू येईल अशा मोठ्या आवाजात सांगणं, एवढं देणं मी त्यांना अजून लागतो.