भोपाळचा हात

सत्कार-समारंभ मला सोसत नाहीत, पण एका माणसाचे उपकार बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. मी उज्जैनच्या तारघरात होतो. मध्य भारत राज्य मोडून नव्या मध्य प्रदेशाची भोपाळ राजधानी झाली, त्या दिवसांतली ही गोष्ट. कचेऱ्यांची बस्तानं हलत होती आणि बदल्यांचे हुकूम तारेनं येत-जात होते. देवास गेटला बसवर ट्रंका चढवणारे बाबू दिसले की वाटायचं, यांना हलवायचं पाप आमच्याच बोटांचं.

मी तेव्हा कच्चा तारबाबू, पक्का व्हायचा होतो. वडील गेलेले, आई आणि दोन बहिणी फ्रीगंजात भाड्याच्या खोलीत. नोकरी गेली असती तर पुण्याच्या काकांच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि काका काय चीज आहेत ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

त्यात आमचे साहेब. हातात घड्याळ घेऊन पाठीशी उभे राहायचे. ‘जल्दी करो, जल्दी.’ अहो, तार म्हणजे यंत्रावर ठोकलेली लांब-आखूड ठोक्यांची भाषा; जल्दी केली की मनगट लाकूड व्हायचं आणि एका ठोक्याच्या जागी दोन पडायचे. आईनं तेल चोळून पाहिलं. रविवारी हात अगदी मऊ, सोमवारी साहेबांचे बूट वाजले की पुन्हा तेच. दुखणं हातात नव्हतंच, धास्तीत होतं. पण हे साहेबांना कोण सांगणार? पलीकडच्या बाबूला तार कळली नाही की तो ती पुन्हा मागायचा आणि माझ्या नावावर चूक लागायची. चुका साठल्या की घरी बसा.

पलीकडे भोपाळला कोण बसतो, ते मी पाहिलेलं नव्हतं. पण आमच्या धंद्यात माणूस ठोकण्याच्या लयीवरून ओळखतात, त्यालाच आम्ही ‘हात’ म्हणायचो. याचा हात संथ, जरासा लंगडत चालल्यासारखा. एके दिवशी मी तारेचा पार विचका केला. आता हा चूक लावणार, असं धरूनच चाललो. तर यंत्र वाजलं: ‘धीरे, भाई. मैं बैठा हूँ.’

मी श्वास घेतला आणि तार पहिल्यापासून सावकाश पाठवली. त्यानं ती मुकाट घेतली, चूक लावली नाही. मग रोज माझी पाळी लागली की तो आधी तेवढंच ठोकायचा. साहेब मागे उभेच असायचे, पण मला ऐकू यायचा तो भोपाळचा हात. सावकाश करता करता काम उलट भराभर उरकू लागलं. मी पक्का झालो. साहेबांना वाटलं, त्यांच्या घड्याळाची करामत. वाटू दे.

पुढे काही वर्षांनी भोपाळला गेलो, तर मुद्दाम तिथल्या तारघरात शिरलो. नाव माहीत नव्हतं, मग टेबलावर बोटानं ठोकलं: ‘धीरे, भाई.’ कोपऱ्यातला एक पिकल्या केसांचा बाबू हसला आणि त्यानं ठोकून उत्तर दिलं. डाव्या हातानं. उजवा मांडीवर पडून होता, बोटं आत वळून आखडलेली.

माझी नजर तिथेच अडकली, तसा तो म्हणाला, ‘हमारे पीछे भी एक साहब खड़े रहते थे. धीरे कहनेवाला कोई नहीं था.’

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. हिंदी सुचेचना. मराठीतच म्हणालो, ‘दादा, तुमच्यामुळे माझं घर तरलं.’